एक नंबर लहान

प्रिय ताई,

माझं पत्र आलंय म्हणून घाबरू नकोस. बाबांना गाडीत बसवून दिलं, खिडकीशी जागा मिळाली. पत्र त्यांच्या मागोमाग पोचेल. लिहायचंय त्यांच्या बुटांबद्दल. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि ते शेजारीच बसलेले असतात.

माझं बरं चाललंय. सध्या एका रोपवाटिकेत आहे. काचेची लांबच लांब घरं, आत दमट, आणि दिवसभर कुंड्या इकडून तिकडे, तिकडून इकडे. मालकीणबाई रोपांशी लाडाने बोलतात, आमच्याशी बोलतच नाहीत. एक पाल आहे, ती रोज त्याच नळावर येऊन बसते आणि पाणी सोडलं की माझ्याकडे असं बघते, जसा काही मीच भाडेकरू. असो. बूट.

बाबा आले तेव्हा त्यांच्या खाण्यापिण्यावर लक्ष ठेवायचं, अशी तुझी तंबीच होती. तिथे काही अडचण आली नाही. बिनसाखरेचा चहा त्यांनीच मागितला, गोळ्या वेळेवर घेतल्या, वर म्हणाले, ‘हेडमास्तरीणबाईंना कळव, पोरगा पास आहे.’ पण मला दुसरंच काहीबाही दिसत राहिलं. रोज बरोबर राहणाऱ्याला ते दिसत नसेल. शर्टाचं वरचं बटण ते आता आरशात बघून लावतात, नुसतं चाचपून सापडत नाही. चष्मा सकाळी चालतो, जेवणानंतर चालत नाही, मग चष्मेवाल्याचा उद्धार होतो. जेवायला उशीर झाला की आधी गप्प होतात, मग कशावरूनही माझ्यावर घसरतात, आणि चार घास पोटात गेले की मलाच विचारतात, ‘तू का फुगलायस रे?’ आपण याला इतकी वर्षं बाबांचा स्वभाव म्हणत आलो. निम्मा असेलही.

दुसऱ्या दिवशी त्यांना सगळी रोपवाटिका फिरवली. बरेच चालले. खोलीवर येऊन बूट काढले, तर उजवा मोजा करंगळीपाशी ओला आणि लाल. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘तुमच्याकडची माती फार लाल.’ इथली माती काळी आहे, ताई.

दवाखान्यात नर्सबाईंनी जखम धुतली. तेवढ्या वेळात बाबांनी त्यांच्या चपला तपासल्या आणि टाच बाहेरून झिजलीय, चालताना कंबर दुखत असेल, असं सांगूनही टाकलं. बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले. पायाला काही लागलं की हो म्हणायचं. मग एक बारीक ताठ दोरा त्या तळव्यावर ठिकठिकाणी टेकवत गेल्या. अंगठा, चवडा, टाच. मी बघत होतो. बाबा डोळे मिटून छान ताठ बसले होते. जरा वेळाने म्हणाले, ‘सुरू करा की.’

बाईंनी मग बूट उचलून पाहिला. एक नंबर लहान. म्हणाल्या, साखरेने पाय बधिर होत गेले की मापाचा बूट सैल वाटतो, पायात काही नाहीच असं होतं. मग माणूस घट्ट घेतो, तेव्हा कुठे त्याला बूट घातल्यासारखं वाटतं. या वेळी करंगळीवर निभावलं, म्हणाल्या.

आयुष्य बुटांच्या दुकानात काढलेला माणूस. गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकाच्या बुटाचं टोक दाबून बघणारा. आपल्याला शाळेचे बूट घेताना कसं, उभा राहा, चालून दाखव, बोटं हलव, आणि तू रडकुंडीला यायचीस. स्वतःचं माप मात्र त्यांनी पायालाच विचारून घेतलं.

तुला सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. ‘तिला कळलं की माझं दुकान बंद आणि फिरणंही बंद.’ मी हो म्हणालो. माझ्या शब्दावर तसाही घरात कुणाचा भरवसा नाही, तो कधीतरी उपयोगी पडायचाच होता. सध्या ते घरातही मोजे घालून वावरत असतील. आत पट्टी आहे, ती रोज बदलायचीय.

सोबत घडी घातलेला एक कागद आहे, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. निघायच्या आधी मी त्यांना त्यावर उभं केलं आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली, ते गिऱ्हाइकांची फिरवतात तशी. हसून म्हणाले, ‘भिंगरीने शेवटी धंदा उचलला म्हणायचा.’ मधे पेन्सिलचं टोक तळव्याखाली गेलं, ते त्यांना कळलं नाही. हा कागद जमिनीवर पसर आणि त्यांचा बूट त्यांनाच त्यावर ठेवायला सांग. रेघ बुटाच्या बाहेर राहील. बाकी बोलू नकोस, तेवढं ते डोळ्यांनी वाचतील. साखर मोजतेस तेव्हाच रोज तळवेही बघत जा. ते पाय आखडून घेतील, तू धर. आणि नवे बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय फुगलेले असतात, हे त्यांचंच दुकानातलं सांगणं. सैल आहेत म्हणून कुरकुरतील. घेच.

तुझाच,
भिंगरी