आठ गोधड्या माझ्या वितीने

७ जुलै, सकाळी ६.३५
ही वही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतो आहे. डिझायनरचं अक्षर खराब असणं बरं दिसत नाही.

काल रीताशी फोनवर नक्की झालं. नागझिऱ्याजवळ नवीन रिसॉर्ट होतोय. आठ खोल्या, आठ गोधड्या, सगळ्या हाताने शिवलेल्या. एक ऑक्टोबरला जंगल पर्यटकांसाठी उघडतं, त्याच दिवशी रिसॉर्ट. दोन स्वतंत्र डिझायनर, एक प्रॉडक्ट.

रीता गोंदियाची. नागपूरला टेक्स्टाइल शिकली, घराच्या गच्चीवर कापड रंगवते. मी अर्जुनी मोरगावचा. पुण्याला आठ महिन्यांचा डिझाइनचा कोर्स केला. सध्या वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, पण ते तात्पुरतं. चार वर्षांपासून तात्पुरतं.

कामाची वाटणी झाली. रंग रीताचे. शिवण मोठ्या आईची, म्हणजे धुरपताबाईची. ही बाबांच्या थोरल्या भावाची बायको, गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. बाकी सगळं माझ्याकडे. बाकी म्हणजे नेमकं काय, ते या आठवड्यात ठरवतो.

बाबांची अट: एक ऑक्टोबरपर्यंत यातून काही उभं राहिलं नाही तर मुकाट्याने कृषी केंद्रात बसायचं. कृषी केंद्र म्हणजे बाबांचं खत-बियाण्यांचं दुकान. मी हसून हो म्हणालो. हरणारा माणूस असा हसत नाही.

८ जुलै
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. एक तास स्केचिंग.

९ जुलै
उठलो सव्वाआठला. पण पाचपासून पडल्यापडल्या विचार चालू होता. तो धरायला हवा.

११ जुलै
लॅपटॉपवर टाइमलाइन काढली. रंगीत. जुलैअखेर चार गोधड्या, ऑगस्टअखेर आठ. सप्टेंबर पूर्ण मोकळा, मुलाखती वगैरेंसाठी.

मोठ्या आईला दाखवली. चष्मा न लावताच तिने विचारलं, जुलैत कोन शिवते गा? साऱ्या बाया रोवणीत राहतेत ना!

कास्तकाराच्या घरात जन्मून पोरगा रोवणी विसरला, असं ती संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोहल्ल्यात सांगत होती. भाताची लावणी विसरलो नव्हतो. टाइमलाइनमध्ये तो कॉलम नव्हता.

२० जुलै
इटियाडोह धरणावर गेलो, इन्स्पिरेशनसाठी. आमच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले. मी ते कापडावर बांधणार. कॉन्सेप्टचं नाव 'पाळ'. मध्ये पाण्याच्या लाटा, चहूबाजूंनी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. अंगावर काटा आला. डबा खाल्ला.

स्केचबुक घरी राहिलं होतं. पण डोळ्यांत सगळं साठवून आणलं.

२२ जुलै
रीता गोंदियाहून आली. दोघींना कॉन्सेप्ट सांगितला. मोठी आई म्हणाली, पान्यावर कोन झोपते बापा? थंडी नाही वाजन का? रीता म्हणाली, आयडिया अच्छी है, पण आधी साधे चौकोन लावून पाहू.

मग दोघींनी ओसरीवर जुनी लुगडी पसरली आणि दोन तास नुसते तुकडे सरकवत बसल्या. हा इकडे, तो तिकडे, परत इकडे. मोठी आई मध्येच सगळं विस्कटायची. रीता तिचं ऐकायची. याला डिझाइन म्हणता येणार नाही, ही आवराआवर. मी चहा केला.

२९ जुलै
बाबांनी रोवणीला पाठवलं. अर्ध्या तासात कंबर गेली. रीता सहज भेटायला आली होती, ती पदर खोचून थेट भाताच्या बांधीत उतरली. बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. मोठ्या आईच्या बाजूला वाकून तिने दोन बांध्या रोवल्या, आणि दोघी पूर्ण वेळ पिवळ्या-काळ्या रंगांबद्दलच बोलत होत्या. मी बांधावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. कुणीतरी सांभाळायला हव्याच होत्या.

९ ऑगस्ट
रीताने पलंगांचं माप घ्यायला जा म्हणून तिसऱ्यांदा फोन केला. मागच्या खेपेला ती मला टेपही देऊन गेली आहे. हिचा माझ्यावर विश्वास कमी आहे का? तसं नसावं. काळजी असेल.

१० ऑगस्ट
पाऊस.

११ ऑगस्ट
पाऊस थांबला, पण रस्ता ओला.

१३ ऑगस्ट
एका सरपंचाचा वाढदिवस. फ्लेक्स. नाइलाज.

१७ ऑगस्ट, दुपारी ३
नागझिऱ्याकडे जाऊन आलो! रिसॉर्टचे मॅनेजर चंद्रकुमार, भला माणूस, चहा-पोहे दिले. पलंग सागवानी, भक्कम.

टेप घरी टेबलावर राहिला. दुसरा कुणी घाबरला असता. मी शांतपणे वितीने मोजलं. पलंग रुंदीला बरोबर आठ विती, लांबीला साडेआठच्या वर थोडं. दोन्ही बाजूंनी लोंबायला कापड हवं, म्हणून गोधडी दहा विती बाय दहा विती. किती सुबक आकडा. निसर्गाची साथ असल्याशिवाय असं येत नाही.

मोठ्या आईला सांगितलं, दहा विती बाय दहा विती. ती खूश झाली. म्हणाली, पहिल्यांदा तू मले समजन असं बोलला. रीताला मेसेज टाकला: माप झालं, परफेक्ट. तिने विचारलं, कितने इंच? मी अंगठा पाठवला.

१८ ऑगस्ट
पाच बाया मोठ्या आईसोबत ओसरीवर बसायला लागल्या. कापडाच्या चारी कोपऱ्यांवर विटा, मध्ये धावदोरा. मोठी आई प्रत्येक गोधडी पसरताना आपल्या हाताने वीत-वीत मोजून घेते. पारंपरिक ज्ञान. यावर एक लेख लिहायचा.

२० ऑगस्ट
संकल्प: स्वतः शिवायचं. डिझायनरने मटेरियलला हात लावलाच पाहिजे. अकरा टाके घातले. सुई दोनदा बोटात. संध्याकाळी पाहिलं तर माझे अकरा टाके मोठ्या आईने अलगद उसवून ठेवले होते. बहुतेक जपून ठेवायला.

२२ ऑगस्ट
पोळा. काम बंद.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा. काम बंद. ब्रँड स्टोरी लिहायला घेतली.

५ सप्टेंबर
ब्रँड स्टोरीच्या चार ओळी झाल्या. त्यातली एक खोडली.

१२ सप्टेंबर
आज रीता रंगवलेलं शेवटचं कापड घेऊन आली. हिरड्याचं पिवळं, आणि त्याच पिवळ्यात गंजलेल्या लोखंडाचं पाणी घालून आलेलं काळं. मोठ्या आईने ते हातात धरलं आणि नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, अशा रंगाचं एक लुगडं माह्या मायजवळ होतं.

सहा गोधड्या पूर्ण झाल्या आहेत. ओसरीच्या दोरीवर टाकल्या होत्या, मागून ऊन येत होतं. खरंच सुंदर. मी बराच वेळ काही न करता तिथेच उभा होतो. यात आपलंही काही आहे, असं वाटलं. नेमकं काय आहे ते आठवत बसलो नाही.

२१ सप्टेंबर
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

रीता आणि मी दोन गोधड्या घेऊन रिसॉर्टवर गेलो, ट्रायलसाठी. चंद्रकुमार यांनी स्वतः पलंगावर पसरल्या. बाजूंना लोंबायला हवं होतं, तिथे जेमतेम दोन बोटं कापड. लांबीला तर पलंगच पुरा झाकेना. पायाकडे ओढलं की उशीकडची गादी उघडी, उशीकडे ओढलं की पायाकडची. चंद्रकुमार बूट काढून आडवे झाले, गोधडी गळ्यापर्यंत घेतली आणि उघड्या पायांकडे पाहत म्हणाले, भैया, ये तो बच्चों के नाप की है.

रीताने टेप काढला. पंचाहत्तर इंच. हवे होते नव्वद. तिने विचारलं, माप कशाने घेतलंस? मी हात दाखवला.

तिने टेप गुंडाळला. बाहेर जाऊन पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चंद्रकुमार यांनी विचारलं, एक तारीख तक हो जाएगा ना, नहीं तो मैं नागपुर से मंगवा लूं? मी म्हणालो, आमच्याकडे प्लॅन बी तयार आहे. प्लॅन बी म्हणजे काय ते मोटरसायकलवर परतताना आठवत होतो. रीता मागे बसली होती. चाळीस किलोमीटर.

२२ सप्टेंबर
मोठ्या आईने माझा पंजा ओढून आपल्या पंजावर ठेवला. माझी बोटं तिच्या बोटांच्या वर चांगली दोन पेरं गेली. बाया खो-खो हसल्या. मोठी आई म्हणाली, अंथरून पाहून पाय पसरावं म्हनतेत. तू तं अंथरूनच न पायता आमचे पाय पसरवले गा!

मी शांतपणे मुद्दा मांडला. चूक माझी नाही, पद्धतीची आहे. देशात सगळ्यांची वीत एक हवी. मी एक उपायही सुचवला: प्रत्येक पलंगाजवळ छोटा फ्लेक्स लावू, 'हेरिटेज साइज'. फ्लेक्स मी फुकट करतो. बाया पुन्हा कापडाकडे वळल्या. रीता तर माझ्याकडे पाहतही नव्हती.

मग मोठी आई तिला म्हणाली, चारी बाजूनं एक एक वीत काठ लावून टाकू. माह्या वितीचा. आणि हसली. रीताने टेप लावून पाहिला. मोठ्या आईची वीत साडेसात इंच. दोन्हीकडून पंधरा. बरोबर नव्वद. रीता पहिल्यांदा हसली. आठ गोधड्या, बत्तीस काठ, आठ दिवस.

२३ सप्टेंबर
रीता आमच्याच घरी राहायला आली. काळं कापड कमी पडलं, ते परसात चूल पेटवून रंगवते आहे. माझी कामं: लाकडं, पाणी, दोरा संपला की गोंदिया, चहा. आज चहा अकरा वेळा.

२५ सप्टेंबर
सगळ्या सुया मी ओवून ठेवतो. मोठ्या आईला आता नाकं दिसत नाहीत. तासाला वीस सुया ओवतो. कुणी थांब म्हटलं नाही, कुणी उसवलंही नाही.

बाबांनी दुकानातल्या गल्ल्यावरचा पंखा दुरुस्त करून घेतला. गेली सहा वर्षं बंद होता. मी विचारलं, आत्ताच कायले? म्हणाले, असाच. गरम होते.

२९ सप्टेंबर
दोन गोधड्या बाकी. मोठ्या आईचं बोट सुजलं आहे, तरी ती उठत नाही. रीताने तिच्या हातातली सुई काढून घेतली, तर मोठी आई रागावली. म्हणाली, तू माही पार्टनर की डॉक्टरीन? पार्टनर हा शब्द तिला माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

३० सप्टेंबर
झाल्या! आठही.

आणि चमत्कार. मध्ये पिवळं, चारी बाजूंनी रुंद काळा काठ. ही तलावाची पाळच नाही का? माझा कॉन्सेप्ट! जुलैत मी जे डोळ्यांत साठवून आणलं होतं, ते आपोआप उतरलं. म्हणजे ती माझी वीत चुकली नव्हतीच, ती पुढचं पाहत होती. हे रीताला सांगायला धावत गेलो. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. मोठ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, हो बापा, तुयाच मुळं झालं सारं. मनापासून म्हणाली असावी.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
सकाळी दुकानाची पिकअप घेतली. मागे गोधड्या, पुढे आम्ही तिघं. इस्त्रीचा कुर्ता घातला. भाषणाचे मुद्दे खिशात होते.

गोधड्या पसरल्या. चारी बाजूंना एकसारख्या लोंबल्या. चंद्रकुमार प्रत्येक खोलीत जाऊन हात फिरवून आले. रिसॉर्टचे मालक आले, त्यांच्या घरच्या बायका आल्या. एकीने विचारलं, ही काठाची आयडिया कुणाची? मी एक पाऊल पुढे आलो. तोवर रीताने मोठ्या आईचा हात धरून तिला समोर केलं होतं. मोठी आई लाजून म्हणाली, माही एकटीची कुठं, आमची दोघींची. मालकांनी तिथेच पुढचं काम सांगितलं. पडदे आणि बसायची आसनं, थंडीच्या आत. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच हो म्हटलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मीही मान डोलावली होती.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. पण दोघी इतक्या खूश होत्या की मुद्द्यांचा कागद खिशातच राहू दिला.

जेवणाआधी पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये सही करायला गेलो. चंद्रकुमार यांनी आमची नोंद आधीच करून ठेवली होती: डिझायनर २, ड्रायव्हर १.

तीनदा वाचलं. मग बाहेर जाऊन पिकअपमध्ये बघून आलो. आम्ही ड्रायव्हर आणलाच नव्हता. गाडी तर मीच चालवत आलो होतो.

रीताला म्हटलं, काहीतरी चूक झाली आहे, जरा सांग त्यांना. तिने रजिस्टर वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, गाडी अच्छी चलाई तूने, हिमांशु. मोठी आई को एक धक्का नहीं लगा.

ड्रायव्हर लोकांचं जेवण मागच्या शेडमध्ये होतं. वरण गरम होतं, भात हवा तेवढा.