ज्वारीत न गेलेली सीडी

सर, तुमची डिस्क काल उघडली. म्हणजे बावीस वर्षं जिला मी माझी म्हणत आले, ती. नळदुर्गच्या बाहेर हायवेवरचा तो वजनकाटा तुम्हाला आठवत असेल, जिथं माझे वडील, अण्णा, काटेवाले होते. तिथल्या जुन्या मशीनची हार्ड डिस्क पुन्हा बसली आणि या खेपेला सीडी ड्राइव्हही गेला. नवा ड्राइव्ह बसवला तर मशीन उठवणारी ती सीडी, म्हणजे डिस्क, सुरू व्हायची आणि अर्ध्यात अडायची. काट्याच्या मालकांचा फोन आला, "ताई, डिस्क तुमचीच हाय, तुमीच बघा." मी म्हटलं, त्यात काय, दुपारपर्यंत करून देते. नव्या ड्राइव्हची ओळख करून देणारी फाइल आत टाकायची, दोन ओळी बदलायच्या आणि नवी सीडी राइट करायची, एवढंच तर काम होतं.

आपलीच डिस्क म्हणून मी कधी आत डोकावलंही नव्हतं. स्वतःच्या घरात कोण चोरी शोधायला जातं? काल पहिल्यांदा ती कॉम्प्युटरवर पसरून सुरुवातीची फाइल उघडली, तर वरच दोन ओळी रेमच्या. रेम लिहून पुढं काही लिहिलं की मशीन ती ओळ सोडून देतं, ती फक्त माणसासाठी असते, हे तुम्हीच शिकवलेलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, सगळी अक्षरं लहान, तुमची सवय. "पोरीची डिस्क पहिल्या वजनाला थांबली. नवी केली. उद्या वडील बघणार, तिला सांगू नये." आणि खाली, "चूक सोमवारी दाखवायची."

सर, उन्हाळ्याच्या दुपारी, पंखा गरम वारा फेकत असताना मी ती ओळ चारपाच वेळा वाचली. मग उगाचच मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, जणू काही तेवढ्यानं ती जाईल.

तुमचा क्लास, धाब्यामागची ती लांबोडकी खोली. आम्ही पाच मुलगे आणि मी. कंपनीनं अठ्ठ्याण्णवची विंडोज सोडून दिली तरी काट्यावर, डाळ मिलमध्ये ती मशिनं चालूच राहणार हे तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं. हार्ड डिस्क धुळीनं बसली तर धंदा थांबू नये म्हणून तुम्ही विंडोजची मूळ डिस्क उघडून, तिच्यात आपला प्रोग्राम घालून अशी सीडी करायचात, की मशीन थेट तिच्यावरूनच उठेल. एकदा राइट केलेली सीडी पुन्हा बदलता यायची नाही. चुकली की संपली. फसलेल्या सीड्या तुम्ही फेकत नव्हता. त्यांना दोरा ओवून अणदूरला तुमच्या भावाच्या ज्वारीत टांगायला द्यायचात, पाखरं हाकलायला. त्यावरून क्लासात चिडवाचिडवी चालायची, "काय, आज तुझी ज्वारीत गेली का?" पाचही मुलांच्या गेल्या होत्या. माझी गेली नव्हती. त्या एका गोष्टीवर मी केवढी मान ताठ ठेवून जगले आहे, तुम्हाला कल्पना नाही. किंवा फक्त तुम्हालाच असेल.

पहिल्याच महिन्यात मी शेजारच्या मुलाची फाइल जशीच्या तशी उतरवली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर माझं मशीन बंद केलंत. "नक्कल चालली म्हणजे तुझं नुकसान झालं," म्हणालात, "बंद पडली असती तर काहीतरी शिकली असतीस." आठ दिवस मी तुमच्याशी नीट बोलले नव्हते. पण ते वाक्य मी धरून ठेवलं. आज माझ्या स्वतःच्या क्लासात, नव्या बॅचला पहिल्या दिवशी तेच ऐकवते, तुमच्याच सुरात.

आणि तो काट्यावरचा दिवस. आदल्या दुपारी माझी डिस्क क्लासात चालली होती. मशीन उठलं, वजनाचा हिरवा पडदा आला, मी टाळ्या पिटल्या. तुम्ही नुसतं हं म्हणालात आणि आणखी एक कोरी सीडी पुढं केलीत, "हिच्यावरही तुझं नाव लिही, राखीव असू दे." मी ऐटीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही, मी, अण्णा, त्या पत्र्याच्या केबिनमध्ये. तुरीनं भरलेली गाडी काट्यावर येते. अण्णा डिस्क घालतात, पडदा येतो, बटण दाबतात.  प्रिंटर करकरतो आणि पावती बाहेर येते. अण्णा ती पावती उजेडात धरून बघतात, मग माझ्याकडं न बघता तुम्हाला म्हणतात, "चाललं की, सर. शिकू द्या मग हिला." तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं, कौतुक तोंडावर करायचं नाही ही तुमची रीत.

काल संध्याकाळी अण्णांना विचारलं. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा ओरडून विचारावं लागलं, "त्या दिवशी डिस्क चालली नसती तर काय केलं असतं तुमी?" ते सहज म्हणाले, "काय करायचं? तुझ्या मामानं तुला जळकोटचं स्थळ आणलं व्हतं. होकार देऊन टाकला असता." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. सर, मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, फार तर अण्णा थोडे कुरकुरले असते. तुम्हाला मात्र माहीत होतं, त्याशिवाय ती ओळ लिहिली नसतीत.

मला तुमचा राग आला आहे, हे सांगून टाकते. उपकार केलेत, मान्य. पण सोमवार आला तेव्हा काय झालं? मी पेढे घेऊन आले होते, म्हणून? तुम्ही चूक दाखवली नाहीत. तुमच्या नमुना फाइलची फ्लॉपी हातावर ठेवलीत, "इथून पुढं हिच्यावरून काम कर." नक्कल करणाऱ्याचं मशीन बंद करणारे तुम्ही. त्या नमुन्यात एक ओळ असायची, मेमरीत तात्पुरती जागा करणारी. बावीस वर्षं मी ती प्रत्येक डिस्कवर उतरवत आले आणि ती कशाला लागते हे कधी विचारलं नाही. तुम्ही गेल्याला सतरा वर्षं झाली, आता विचारायचं कुणाला?

आता जे लिहिते त्यासाठीच खरं तर हे पत्र काढलं. गेल्या वर्षी माझ्याकडं जळकोटची एक मुलगी होती. हुशार, थोडी हट्टी. मी नमुना फाइल दिली तर म्हणाली, "मॅडम, म्या माझी मीच लिवते." शेवटच्या परीक्षेला तिनं डाळ मिलच्या प्रोग्रामची डिस्क केली होती. तिचे वडील मुद्दाम बघायला आले होते, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. पडदा आला आणि पहिल्याच नोंदीला मशीन थांबलं. ती घाईघाईनं काहीतरी सांगू लागली, दोन दिवस द्या म्हणाली. मी तिला थांबवलं, डिस्क काढून वडिलांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही ज्वारीत टांगा." बाकीची पोरं हसली. ती परत आली नाही. मी स्वतःला समजावलं की सरांची शिस्त आहे, सरांनीही हेच केलं असतं.

सर, तुम्ही हे केलं नसतं. केलं नव्हतंच. काल दुपारपासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

आज सकाळी जळकोटला गेले. मनात ठरवून गेले होते की खोटं बोलायचं, तुम्ही बोललात तसं. ती मळ्यात मिरच्या तोडत होती. वडिलांनी ओळखलं, तरी बसायला पोतं टाकलं. म्हणाले, "पावसाळ्यानंतर उरकून टाकावं म्हणतो हिचं." विहिरीजवळच्या बाभळीला दोऱ्यानं ती सीडी बांधलेली होती, वाऱ्यानं फिरत होती, तिच्यावरचं नाव उन्हानं पुसत आलेलं. मी म्हणाले, "तुझी डिस्क चांगली होती. माझ्या क्लासातला ड्राइव्ह खराब होता, मला नंतर कळलं."

ती हसली. "न्हाय मॅडम, ड्राइव्ह चांगला व्हता. प्रोग्राम हरएक नोंद लिवून ठेवतोय न्हवं? सीडीवर कसं लिवंल त्यो? आधी मेमरीत जागा करून द्यावी लागती, ती म्या केली न्हवती. त्याच दिवशी सांगत व्हते की तुमाला."

 बावीस वर्षांपूर्वीची माझी चूक मला मिरच्यांच्या वाफ्यात कळली. माझी डिस्क पहिल्या वजनाला का थांबली, ती ओळ तुमच्या नमुन्यात कशाला होती, सगळं एका दमात. जे मला कधी कळलं नाही ते त्या पोरीला उभ्या उभ्या कळलं होतं, आणि मी तिला गप्प केलं. तुमच्या शिस्तीसाठी नाही केलं, सर. ती काय म्हणते ते मला समजलं नव्हतं, आणि पोरांसमोर ते दिसू नये म्हणून केलं.

तिच्या वडिलांना मी सांगितलं की काट्याचं काम अडलं आहे आणि ते हिच्याशिवाय होणार नाही. ते बाभळीकडं बघत म्हणाले, "सोमवारी पाठवून देतो." निघताना तिनं विचारलं, "मॅडम, तुमची पैली डिस्क पैल्याच खेपेला चालली व्हती म्हणत्यात, खरं हाय का?"

मी व्हय म्हणाले.

सोमवारी ती येईल, काट्याची डिस्क उघडेल आणि पहिल्या दोन ओळी तिच्यासमोर असतील. तिला द्यायची ती मूळ डिस्कच, असं आता तरी ठरवलं आहे. हे पत्र त्याच पाकिटात तिच्याखाली ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं. मळ्यातून आल्यावर मी रेमच्या त्या दोन ओळी काढून एक सीडी राइट केली होती. लावून पाहिली. काही फरक पडत नाही, सर, मशीन तसंच उठतं, तिथंच अडतं.