सात आकड्यांचा ढेकर

तीर्थरूप मामांना दंडवत, आणि मामीला तितकाच वाकून नमस्कार (पत्र मात्र तिच्या हाती लागू देऊ नका, का ते पुढे कळेल). गुडघा कसा आहे? झोप लागते ना? आणि मुख्य म्हणजे जेवणानंतरचा तुमचा तो तीन खोल्या ओलांडून जाणारा ढेकर अजून शाबूत आहे ना? चेष्टा करत नाही. फार काळजीने विचारतोय.

मी ठणठणीत आहे. पोट कापून लहान केल्याला तीन महिने झाले, एकवीस किलो उतरलो, पँट निव्वळ पट्ट्याच्या भरवशावर उभी असते, आणि परवा तर बायकोने मला पाठमोरा बघून कोण पाहिजे म्हणून विचारलं. पूर्वी जिथे पातेलं होतं तिथे आता वाटी आहे. आहाराचं बघणाऱ्या बाईंनी (वय पंचविशीचं, बोलणं सासूचं) एक कागद दिलाय आणि त्यात सगळ्यात वर, लाल शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलंय की गॅसची पेयं बंद. साखरेची, बिनसाखरेची, लिंबाची, संत्र्याची, सगळी. आता तुम्हीच सांगा, न्हाव्याला केसांना हात लावू नकोस म्हटलं तर त्याने करायचं काय?

कारण सोळा वर्षं मी थंड पेयांच्या कारखान्यात चव तपासतोय आणि आमची रीत तुम्हाला कधी नीट सांगितलेली नाही. चव जिभेवर कळते, ती बघून थुंकलं तरी चालतं. गॅस मात्र गिळल्याशिवाय कळत नाही. तो मोजायला काटा आहे, पण मोठ्या साहेबांचा विश्वास काट्यावर नाही, माझ्यावर आहे. एक घोट गिळायचा आणि ढेकर येईपर्यंत मनात आकडे मोजायचे. सातला आला की माल पास. पाचला आला तर गॅस जास्त, दहाला आला तर कमी. सोळा वर्षांत माझा ढेकर एकदाही चुकला नव्हता, मामा. लोक मला नावाने नाही, ‘सात’ म्हणून हाक मारतात.

तर गेल्या सोमवारी मी कामावर रुजू झालो. तिथे मी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं (वाटीएवढ्या पोटाचा माणूस या खुर्चीवर कोण ठेवेल?). माझा मदतनीस, त्याला आम्ही चष्मा म्हणतो, तीन महिने त्याच खुर्चीत बसून काटा वाचत होता आणि उठताना त्याने ती जरा जास्तच सावकाश सोडली. समोर नवा माल, कलिंगड आणि आल्याचा. थंडगार, गुलाबी, काठापर्यंत बुडबुडे. लाल शाई आठवली, नाही असं नाही. पण एका घोटाने काय होतंय म्हणत मी गिळला, आणि काय सांगू, घशातून ती बारीक टोचणी उतरली तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा मला मी घरी आल्यासारखं वाटलं. मग मोजायला लागलो. एक, दोन, आणि दोनलाच ढेकर.

दोन म्हणजे बाटल्या फुटायच्या बेताला आल्या. मी धावत मशीनवर गेलो आणि गॅस कमी करा म्हणून ओरडलो. त्यांनी केला. पुन्हा घोट, पुन्हा दोन. आणखी कमी करायला लावला, तरी दोन. मशीनवाला बिचारा सांगत होता की काटा तळाला टेकलाय. मी त्याला काटा बदलायला सांगितलं. चौथ्या खेपेला जरा लांबला, ढेकर सातला आला, मी डोळे मिटून शिक्का मारला आणि तीनशे क्रेट बाजारात रवाना झाले. पोट लहान झालं की ढेकरही लवकर येतो, हे एवढंसं गणित माझ्या डोक्यात आलं नाही. सातला आला तोही बहुधा नुसता वारा होता.

गुरुवारी सगळा माल परत आला. साहेबांनी माझ्यासमोर बाटली उघडली, कानाशी धरली आणि विचारलं, "यात गॅस कुठे आहे?" मी म्हटलं, "होता साहेब. मीच काढायला लावला." तेवढ्यात चष्म्याने जुन्या चांगल्या मालाचा ग्लास भरून पुढे ठेवला. इज्जतीचा प्रश्न होता, मी मोठा घोट घेतला. एक म्हणेपर्यंत बरगडीखाली अशी कळ आली की मी जमिनीवरच बसलो आणि बसल्या जागी सगळं कबूल केलं. हर्निया नव्हता, पोटच नाही. खुर्ची आणून मला उठवून बसवलं ते चष्म्यानेच. मला त्याची फार लाज वाटली.

सर्जनने तपासलं, टाके सलामत आहेत. पुढचा घोट घेतलास तर माझ्या दारात येऊ नकोस, असं मात्र बजावलंय. आणि साहेब (देवमाणूस) म्हणाले, जीभ तुमचीच राहू दे, ढेकर दुसऱ्याचा आणा. सोमवारपर्यंत मिळाला तर ठीक, नाहीतर खुर्ची चष्म्याची. चष्मा स्वतः ढेकर देत नाही, त्याला ते असभ्य वाटतं.

बाकी सगळं क्षेम. तुमच्या कृपेची आणि तब्येतीची वाट बघणारा,
तुमचा भाचा

ता.क. रविवारी सकाळच्या गाडीने निघा. काम हलकं आहे, तासाला एक घोट. सोळा वर्षांचा अनुभव सांगतो, असा दमदार आणि वेळेवर येणारा ढेकर आपल्या घराण्यात दुसऱ्या कुणाचा नाही.

ता.क. २. मामीला सांगा की भाचा पथ्य पाळत नाही, त्याला धाक दाखवायला जातोय. हे खोटंही नाही.

ता.क. ३. मामा, तुम्हाला जमणार नसेल तर साहेबांना मी दुसरा माणूस शोधून देईन, दोघंतिघं तयार आहेत. खरं म्हणजे नोकरीसाठी बोलवत नाहीये. ती बाटली उघडते तेव्हा मला अजून भरून येतं आणि परक्या माणसासमोर रडायची लाज वाटते. तुम्ही सावकाश प्या. मी समोर बसून मोजतो.