हयातीत कळप माझ्यामागेच चालेल

मी, रायभान वल्द येडबा, धंदा मेंढपाळी, राहणार चारठाणा, तालुका जिंतूर, पूर्ण होशोहवासात हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. जबरदस्ती कोणाची नाही. धाकटा भाऊ आश्रुबा मात्र मागे लागला आहे, "दादा, कळप माज्या नावावर करा आन् निवांत बसा." घे बाबा, करतो एकदाचं.

लहानपणच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची झडप आवळली होती. टेकाड चढताना धाप लागे, झोपही बसून घ्यावी लागे. मुंबईच्या डॉक्टरांनी छाती उघडली आणि बोट घालून झडप मोकळी केली. सोबत बायको भागुबाई होती. छाती उघडल्याची बातमी गावी पोचली. आमची माणसं जन्मभर बोकडं सोलणारी, छाती फोडलेलं जनावर उठल्याचं कोणी पाहिलेलं नाही. मुंबईहून प्रेत कोण आणणार, म्हणून आश्रुबाने तसंच डोकं भादरलं, तेराव्याला गाव जेवू घातलं आणि कुळाच्या रिवाजाने मयताची, म्हणजे माझी, काठी हाती घेतली; ज्याच्या हाती काठी, त्याचा कळप. मी घरी आलो तर हा चकोट! पायांवर पडून लय रडला. त्याच्या मायेबद्दल तक्रार नाही. काठी मात्र त्याने परत दिली नाही.

कलम पहिले. माझ्या वाट्याचे रान आश्रुबास द्यावे. माझा तेरावा झालेला आहे, तो खर्च पुन्हा करू नये.

कलम दुसरे. घर व लोकरीची कातर भागुबाईस. कारण सांगतो. जखम भरली, धाप गेली, तरी मी ओसरीत छातीवर हात ठेवून बसायचो. हा ठोका पडला, पुढचा पडेल का, एवढंच ऐकायचो. खोकायलाही भ्यायचो. भावजय बायनाबाई पाण्याचा तांब्या उचलू देत नसे. बरा झालो होतो, पण जगत नव्हतो. एका सकाळी भागुबाईने तो हात उचलून त्यात कातर दिली. म्हणाली, "काळजाची राखण करायला मुंबईला गेलते का? मेंढरं खोळंबलीत." मला राग आला. त्या रागात एक मेंढी कातरली, मग दुसरी. सांजच्याला भाकरी मागताना ध्यानात आलं, दिवसभर काळजाची आठवणच झाली नव्हती. आनंदाने ढसाढसा रडलो.

गेल्या उन्हाळ्यात कळप पूर्णेपर्यंत चालत नेला. काठी आश्रुबाकडे, पण मेंढरं माझ्या हाकेमागे, आणि धाप त्याला.

कलम तिसरे. शेजारी चंद्रभान म्हणाला होता, "फुटकं मडकं सांधलं तरी पाणी धरत न्हाई." त्यास काही देत नाही. त्याला इथे साक्षीदार केलं आहे, म्हणजे जवळून पाहील.

कलम चौथे. माझ्या हयातीत कळप माझ्यामागेच चालेल. माझ्या पश्चात भागुबाईमागे, आणि तिने सांगितल्यास आश्रुबामागे. जिवंत माणसाची काठी दुसऱ्याने धरू नये.

साक्षीदार: चंद्रभान वल्द धोंडीबा (सही)
साक्षीदार: माणिकराव वल्द बन्सीधर (सही)
रायभान वल्द येडबा (डाव्या हाताचा अंगठा)
मुक्काम चारठाणा, ता. ९ नोव्हेंबर १९५९

लिहिणार दिनकरराव याची नोंद: चौथे कलम ऐकताच आश्रुबा उठला आणि काठी थोरल्याच्या हाती दिली. दस्त पुन्हा एकदा वाचून दाखवायचा राहिला. सह्यांची शाई वाळायच्या आत लिहून देणार रायभान मेंढरं घेऊन माळाला गेले.