डब्याच्या झाकणापायी

३ एप्रिल १९३६, शुक्र.
ठेकेदाराची मोटारसायकल पुन्हा दारात. लाकडाचा ठेकेदार, पेठ रस्त्यावरची सगळी धूळ याच्या इंजिनात. हवा गाळायच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही, फटीतून धूळ आत, रिंगा झिजून चाललेल्या. म्हटलं, नवं झाकण लागेल. म्हणाला, "वामन्या, आता बिघडली तर चामडी सोलीन तुझी." हसत म्हणाला. त्याच्या हसण्याचाच संताप येतो.
माप दाजींना दिलं. अक्काचे यजमान. अख्ख्या तांबट आळीत असा हात नाही कुणाचा. मीही तांबटाचाच, पण भांडी ठोकायचा कंटाळा, म्हणून मोटारींत शिरलो.

५ एप्रिल, रवि.
झाकण झालं. उत्तम. पण डब्याची कडच पिचलेली. उजेडात धरलं तर एका बाजूला केसभर फट. दाजी म्हणाले, "डबा ठेव इथं, कड सरळ करून देतो. मधी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, तेलातली पट्टी घाल." दोन दिवस लागतील म्हणे. इकडे ठेकेदार दुकानात ठाण मांडून. घरचा उपाय केला. चुना, गूळ, अंड्यातलं पांढरं. आमच्याकडे बंबाची गळती वर्षानुवर्षं अशीच लिंपतात, थेंब येत नाही. आतून-बाहेरून लिंपलं. वाळून दगड झालं. दाजींना कशाला सांगा.

१० एप्रिल, शुक्र.
इंजिन घाटात जाम. ठेकेदाराने गाडी बैलगाडीत घालून आणली. उतरला तो वेताची छडी घेऊनच. पाठीवर चार, कानावर एक. रस्त्यात माणसं उभी राहून बघत होती. मी हात वर केला नाही.
तो गेल्यावर पाना हातात होता तसाच दाजींच्या दुकानात गेलो. "तुमचं झाकण!" एवढंच ओरडलो. ते म्हणाले, "अरे, आधी उघडून बघ तरी." त्यांचा उजवा हात ऐरणीवर होता. त्यावर पाना हाणला. दोनदा. हाडाचा आवाज झाला. अक्का आतून धावत आली आणि
खरं लिहायचं तर मारताना बरं वाटलं.

११ एप्रिल, शनि.
इंजिन उघडलं. सिलिंडरला उभे ओरखडे, नख अडकतं. कार्बोरेटरच्या नळीत पांढरे खडे. चुना. माझाच. बंब जागेवर बसून असतो, ही गाडी दिवसभर थरथरते. लेप तडकला आणि आतला निम्मा इंजिनाने ओढून घेतला. रस्त्याच्या धुळीपेक्षा वाईट.
झाकण ठणठणीत आहे.
नळी रॉकेलने धुतली. कुणाला सांगणार नाही.

१४ एप्रिल, मंगळ.
अक्का आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. "दोन बोटं गेली म्हणतो हाडवैद्य. हातोडा धरता यायचा नाय त्यांना आता." मग म्हणाली, "लग्नात तू कान पिळलास तेव्हा किती हसले होते रे ते. आणि तू जावयावर हात टाकलास." मी जा म्हटलं. गेली. मग डबा भिंतीवर फेकून मारला. पुन्हा मारला. स्वतःचं डोकंही आपटावंसं वाटत होतं.

२० एप्रिल, सोम.
ठेकेदाराने नवा पिस्टन आणला, सिलिंडर घासून घेतला. डब्याची कड फरशीवर ठेवून लाकडी मोगरीने सपाट केली. नमद्याची पट्टी तेलात भिजवून बसवली. आतल्या नळीला ग्रीस फासून गाडी सातपूरच्या वाटेने धुळीतून पळवून आणली. उघडून बघितलं, ग्रीसवर धुळीचा कण नाही. दाजी म्हणाले होते तेच. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम.
बसून रडलो.

२१ एप्रिल, मंगळ.
दाजींकडे गेलो. सगळं सांगितलं, चुन्यासकट, नळी धुतल्यासकट. ते फडक्यात बांधलेल्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऐरणीवर हात ठेव." डावा ठेवला. "उजवा." ठेवला. अक्का मध्ये पडली, "अहो, नका ना." तिला कोपराने सारलं. डाव्या हातात हातोडा घेऊन डोक्यावर नेला. मी डोळे मिटले नाहीत. हातोडा वर लटपटत होता. त्यांनी तो खाली ठेवला.
"डाव्या हाताला सवय नाय अजून. पुढल्या मंगळवारी ये."

२६ एप्रिल, रवि.
दाजी पाच दिवस एकच तपेलं ठोकताहेत. माझ्या दुकानापर्यंत ऐकू येतं. बुधवारी ठोके वेडेवाकडे पडत होते, मधेच हातोडा निसटून पडल्याचा आवाज यायचा. अक्काचा निरोप आला, येऊ नकोस, गावाला निघून जा. निरोप आणणाऱ्या पोराला विचारलं, काही बोलतात का ते? नाही म्हणे, नुसते ठोकतात.
मंगळवारी मी दाजींकडे जाणार आहे. आज सकाळपासून एकही ठोका चुकलेला नाही.