कुंदाचा बर्फ

३ फेब्रुवारी

आजपासून रोज लिहायचं. पार्लर आणि बहीण दोन्ही सांभाळायची म्हणजे नोंद हवी.

धाकटी कुंदा कामाला आली. बावीस वर्षांत आम्ही बहिणी मोजून चार वेळा बोललो, चारही वेळा कुणाच्या तरी मयतीत. कारण काय, तर तिच्या लग्नात वरपक्षाच्या पंगतीला बुंदी कमी पडली. तिनं तो राग पोटात धरला. मी नाही धरला. परवा तिचाच फोन आला, ताई, मला तुझ्याजवळ काम दे. दिलं. काठी मारल्यानं पाणी थोडंच दुभंगतं?

रोज तिरोड्याहून येऊन-जाऊन करणार.

५ फेब्रुवारी

शिकवायला घेतलं. भुवया करताना दोरा दातात कसा धरायचा ते दाखवलं. पहिल्याच दिवशी सराईतासारखा चालवू लागली. रक्तच आमचं तसं. मी तरी कुठं क्लास केला? अंगणात खाट टाकून शेजारणींच्या भुवयांवर शिकले.

तरी भुवया मीच करणार. तिच्याकडे केस धुणं, फेशियल, मेहंदी.

११ फेब्रुवारी

कुंदानं एक नवी टूम काढली. माझ्याकडून भुवया झाल्या की बाईला मागे, पडद्याआडच्या सिंककडे नेते आणि बर्फ लावून देते. आग होत नाही म्हणे. बाया खूश. माझा दोरा, तिचा बर्फ.

आमच्या ह्यांना, केशोरावांना म्हटलं, पाहा, पोरीला आठ दिवसांत घडवलं. ते पेपरातून मान वर न काढता हं म्हणाले. त्यांना माझं कौतुक करताना संकोच वाटतो.

२ मार्च

गर्दी वाढली. आमच्या फुलचूरच्याच काय, नागऱ्याच्याही बाया येऊ लागल्या. चोवीस वर्षांची तपश्चर्या फळाला आली. मागच्या वर्षी दुपारभर माशा मारत बसायची, पण ते रस्ता खोदला होता म्हणून.

१४ मार्च

बर्फाला फार वेळ लागून राहिला. मी पाच मिनिटांत भुवया करते, बर्फाला पंधरा मिनिटं. आणि बाहेर येताना बाया कुंदाचे हात हातात घेतात. मला म्हणतात, चहा छान झाला होता.

ठराव: बर्फ दोन मिनिटांच्या वर नाही.

१५ मार्च

ठराव कुंदाला सांगितला. हो म्हणाली. आज वीस मिनिटं.

२८ मार्च

मोठी ऑर्डर! आमगावच्या सावित्रीबाईंच्या लेकीचं, रुचीचं २६ एप्रिलला लग्न. नवरी मी सजवणार. चोवीस वर्षांतली ही माझी दुसरी नवरी. पहिली कुंदा. मधल्या काळात कुणी आली नाही, कारण इकडच्या पोरींची लग्नं गोंदियाबाहेर फार होतात.

९ एप्रिल, दुपार

फ्रीज कालपासून बंद. मेकॅनिक उद्या म्हणतो. बर्फाचा एक खडा घरात नाही. तरी कुंदा सावित्रीबाईंना बर्फ लावायला मागे घेऊन गेली.

मी पडदा बाजूला सारला. सावित्रीबाई मान मागे टाकून बसलेल्या, दोन्ही हातांनी कपाळाचं कातडं ताणून धरलेलं. कुंदाच्या दातात दोरा. मी आत्ताच केलेली भुवई ती पुन्हा करून राहिली होती.

मी म्हटलं, काऊन? तिनं आधी भुवई पुरी केली. मग दातातला दोरा सोडला.

"ताई, डावी भुवई तुह्या हातून कधीच जमली नाही. बाया तुह्या चहाले आन् गोष्टीले येतात. भुवई मी सरळ करून देतो."

मग माझ्या पाठीमागं कायले, मी विचारलं.

"समोर करू देली असतीस?"

मी दाराकडे बोट दाखवलं. पर्स उचलून गेली. लोक केसानं गळा कापतात, माझ्या सख्ख्या बहिणीनं दोऱ्यानं कापला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

केशोरावांना माहीत होतं. नुसतं माहीत नाही, कुंदाला फोन त्यांनीच केला होता. पार्लर बसत चाललं, सुशीला खचेल, तू ये पण मी सांगितलं म्हणू नको. तिरोड्याला कुंदाचं स्वतःचं पार्लर आहे. दोन खुर्च्यांचं. आणि मी तिला दोरा धरायला शिकवलं.

म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक. आज जेवले नाही. भात थोडा खाल्ला.

१६ एप्रिल

कुंदावाचून काही अडत नाही. आज दोन बाया आल्या. एकीनं बर्फ आहे का विचारलं. म्हटलं, माझ्या हातानं आगच होत नाही. तेवढ्यात तिला आठवलं की गॅसवर दूध ठेवलंय. दुसरीच्याही घरी दूधच होतं.

१९ एप्रिल

सावित्रीबाईंचा निरोप. रुचीला तिरोड्याला नेणार.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुंदाच्या लग्नाचा अल्बम काढला. म्हटलं, केशोरावांना दाखवावं, हिला मी कशी सजवली होती आणि हिनं कसे पांग फेडले. प्रत्येक फोटोत मुंडावळी डावीकडे तिरपी ओढलेली. ती माझी स्टाइल, असं मी बावीस वर्षं सांगत आले. केशोरावांनी वाचायचं भिंग हातात दिलं. मुंडावळीखाली भुवई अर्धीच. उरलेली अर्धी पेन्सिलीनं काढलेली, तीही घामानं गालावर उतरलेली.

मी म्हटलं, ती तर बुंदीवरून रुसली होती.

"बुंदी उरली होती," केशोराव म्हणाले.

२२ एप्रिल

कुंदाला फोन केला. माफी वगैरे मागितली नाही, मोठी आहे मी. एवढंच सांगितलं, फ्रीज दुरुस्त झाला, रुचीला घेऊन इथंच ये. फ्रीज काही झालेला नाही.

कुंदा म्हणाली, "चहा ठेवजो, ताई."

२६ एप्रिल

रुची फुलचूरलाच सजली. आधी भुवया. माझं काम कातडं ताणून धरायचं. दिसतं तितकं सोपं नाही ते. बरोबर धरलं असं कुंदाही म्हणाली. रुची आधी तिच्या पाया पडली, मग माझ्या. क्रम चुकला. राग नाही, नोंद म्हणून लिहिलं.

कुंदा हात धुवायला गेली. तेवढ्यात रुचीच्या डाव्या भुवईखाली एक केस राहिलेला दिसला. एकच. दोरा जवळच होता. एकदाच फिरवला.

कुंदा आली. पाहिलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रुचीला म्हणाली, चाल वो बाई, बर्फ लावून देतो.

फ्रीज अजून बंद आहे. मी उठून पडदा ओढला, फट राहिली नाही ना ते पाहिलं, आणि बाहेर बसलेल्या सावित्रीबाईंसाठी चहा ठेवला.