सगुणेची ओटी

१२ जानेवारी १९३९. मुरबाड.
सगुणेच्या गोष्टीचे आठवे प्रकरण झाले! लिहिता लिहिता चुलीवरचे दूध उतू गेले. हे शाळेत निघाले होते, दारातूनच म्हणाले, "आज आमचा चहा सगुणा प्याली वाटतं." पिऊ दे! मुंबईहून छापखान्याचे पत्र आले आहे, पहिल्या सात प्रकरणांचे खिळे जुळवायला घेतले. माझे पुस्तक! मुरबाडच्या मास्तरणीचे! देवाचे उपकार कसे मानू. दुपारभर उगाच आतबाहेर करीत राहिले.
शेवटचे प्रकरण छापखान्याच्या मालकांना फार भावले. ते मी सर्वांत आधी लिहिले होते. सगुणा बाळंतपणात जाते ते. एस्तेरताई गेली अगदी तशी, माझा हात धरून, तोंडावर भीती म्हणून नाही. बहिणीचे ते तोंड कधी विसरू नये, यासाठीच हा सगळा खटाटोप.

१६ जाने.
दु. पडवीत वाचन. चार घरे पलीकडची भीमाबाई, तिची सून वेणू आणि आळीतल्या तिघी-चौघी. भिजवलेले वाल घेऊन येतात, मी वाचते, त्या सोलतात. आज सगुणेला दिवस गेल्याचे वाचले तर काय आरडाओरडा! वेणू लाजून लाल, तिलाही पहिलेच. सगुणेच्या पुढे चार महिने आहे, म्हणून ऐट करते. भीमाबाईने सूप बाजूला ठेवून बजावले, "बाय, आता तिला हिरीवर पाठवू नका. हंडे उचलायचं काम सासूला सांगा."
सासूला सांगा म्हणे! पण रात्री ती ओळ बदलली. हंडा सासूच्या डोक्यावर.

२४ जाने.
हे शाळेच्या कामाला शहापूरला गेले होते. भर बाजारात एक बांगडीवाली ओरडून विचारते, "मास्तर, सगुनेला कितवा लागला?" लोक माना वळवून पाहू लागले. यांना घाम फुटला! ती भीमाबाईची भाची निघाली. घरी आल्यावर हे रागावणार होते, पण मला इतके हसू लोटले की शेवटी तेही हसले. पुस्तक छापून व्हायच्या आधी शहापूरला पोचले! कोणा लेखकाला हे मिळाले असेल?

२ फेब्रु.
काय लिहू.
सकाळी भीमाबाई, वेणू, सगळ्या नव्या लुगड्यांत दारात. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. वेणूची ओटी घरी भरून आल्या होत्या. आता म्हणे सगुणेची. सातवा तिलाही लागला, कालच मी वाचले होते.
मी म्हटले, "अहो भीमाबाई, सगुणा कुठे नाहीच. मी रचलेली आहे ती."
"रचली आसंल. पोटुशी हाय ना?"
"आहे खरी, पण…"
"मंग? माह्यार नाय तिला. तुमीच तिचं माह्यार. बसा पाटावर."
बसले! पदर पसरला. भीमाबाई हळूच म्हणाली, "कुकू नाय लावीत तुमाला, ते ठाव हाय आमाला." त्यावर मला रडूच आले. लग्नाला अकरा वर्षे झाली, मूल नाही, आम्हा ख्रिस्ती लोकांत ही रीतही नाही. माझ्या पदरात कोणी असे काही घातलेच नव्हते. नारळ जड लागला.
जाताना वेणू म्हणाली, "बाय, माजी आय माज्या टायमालाच गेली. मला लई भ्या वाटतं. पन सगुना हाय ना, आमी दोगी संगती सुटू."
या बायकांना शेवट माहीत नाही.

२६ फेब्रु., रविवार.
उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, अडचणीत असलेल्यांना मनात आठवा. मी डोळे मिटून सगुणेसाठी मागू लागले! अर्ध्यावर लक्षात आले. देवा, ती तर माझी कागदाची बाई, आणि तिला मारायची शाई माझ्याच दौतीत. मग तुझ्याकडे काय मागते आहे मी? ओशाळले. पण थांबले नाही, सगळे मागून घेतले.
येताना यांना सांगितले. हे म्हणाले, "अगं, मग जगव तिला. तुला कोण अडवतंय?"
एस्तेरताई अडवते.

६ मार्च.
जगवून पाहिली. चार पाने. खोटी, गुळमट, एखाद्या जाहिरातीसारखी. फाडली. ताई जगली नाही, आणि तरी देव तिथेच होता, हेच तर मला सांगायचे आहे! जगणाऱ्यांच्या गोष्टीत देव काय, कोणालाही दिसतो.
छापखान्याचे पत्र. शेवटचे प्रकरण छपाईला घेऊ का? मरण बिलकुल बदलू नये, असेही बजावले आहे.
पडवीतले वाचन बंद केले. डोके दुखते असे सांगितले. वेणू कुंपणापाशी येऊन उभी राहते, पोट धरून. "बाय, सगुना बरी हाय ना?" मी म्हणते, बरी आहे. आणि ते खरेच आहे, अजून तरी.

२१ मार्च. सकाळ.
पहाटे वेणूला कळा लागल्या. सुईण आली आहे. आता भीमाबाई धापा टाकीत अंगणात. वेणू कोणाचे ऐकत नाही, ओठ घट्ट मिटून पडली आहे, एकच विचारते.
"सगुना सुटली का, ते बायला इचारून या म्हनते. चला गो बाय, तुमीच सांगा तिला. तुमचं ऐकंल ती."
एस्तेरताई, तुझे मरण कपाटात ठेवले आहे, कुलूप लावून. दुसरे काही मला लिहिता आलेले नाही. ताई, मी तुझा हात सोडत नाही ग, पण आत्ता दुसरी एक हात मागते आहे.
देवा, तोंड माझे, शब्द तू घाल. वेणूच्या दारापर्यंत चार घरे आहेत फक्त.
भीमाबाई पुन्हा हाका मारते आहे. निघते.